सरकली ती सरकारची

सत्तार कागदींच्या संडासाला पहिला तडा गेला तो फेब्रुवारीत, शेतीसाठी धरणाचं आवर्तन सुटल्यावर चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशी हे त्यांनी स्वतःच डायरीत लिहून ठेवलं होतं. एकतीस वर्षं जुन्नरच्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. घरात मांजर व्याली तरी तारीख-वेळ टाकून नोंद करायचा. त्यांनी लिहिलं, 'पाहुण्यांसाठीच्या शौचालयाच्या उत्तरेकडील भिंतीस अंदाजे एक वीत लांबीचा तडा. कारण समजून आले नाही.'

इथे पाहुणे म्हणजे नातेवाईक नव्हेत. नातेवाईक त्या संडासात गेले असते तर एवढी काळजी नव्हती. धरणाच्या फुगवट्याकाठी, नारायणगावपासून जीपने अर्ध्या तासावर, गेल्या पाचसहा वर्षांत रिसॉर्टांची एक रांगच उभी राहिली होती. समुद्र इथून घाट उतरून कुठल्या कुठे, पण पाट्या वाचल्या तर पायाला वाळू लागावी. शेजारच्या भरतशेटच्या पाटीवर 'मिनी गोवा' होतं. त्यांनी काठ जेसीबीने तासून पाण्यापर्यंत उतार केला होता, त्यावर ट्रकने वाळू आणून टाकली होती आणि मधे प्लास्टिकचे दोन माड रोवले होते. सत्तारभाईंनी आपल्या दोन खोल्यांवर 'कागदी निवास' अशी पितळी अक्षरं लावली होती. पुण्याला असलेली मुलगी इफरा म्हणाली, "अब्बा, ही पाटी बघून लोक दाखला काढायला येतील." मग तिनेच फोनवर कुठेतरी 'अम्मीज लेक कॉटेज' असं नाव टाकलं आणि लोक खरंच यायला लागले.

अम्मी म्हणजे आबेदाबी. तिला इथे यायचंच नव्हतं. जुन्नरच्या घरातला आपला हिस्सा भावाला देऊन ह्या पाच गुंठ्यांवर यायचं, हे खूळ सर्वस्वी सत्तारभाईंचं. घरात दोघं जुन्नरची उर्दू बोलत, पण आबेदा चिडली की मराठीत शिरायची, कारण तिच्या मते उर्दूत भांडायला फार वेळ लागतो. पहिले सहा महिने ती मराठीतच बोलत होती. मग तिने मोगरा लावला, कढीपत्ता लावला, शेवगा लावला, आठ कोंबड्या आणल्या आणि हळूहळू उर्दूवर आली. आता तिच्या हातची दालचा खायला पिंपरीहून माणसं येत होती आणि बागेला रोज दोन वेळा पाणी जात होतं.

तडा गेला तसे सल्ले आले. पहिला आला बहिरू. दक्षिणेच्या बांधापलीकडे त्याचा कांदा होता. त्याने वाकून तड्यात बोट घातलं, बाहेर काढून ते चोळलं आणि म्हणाला, "भाऊ, वर काळी हाय, आन काळीच्या खाली शाडू. ती भिजली का साबनावानी व्हती. ह्या पट्ट्यात मुरूमच न्हाई."

"हे मी जागा घेतली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं व्हतं का? तुमी सात-बारा बघितला, फेरफार बघितला, नकाशा बघितला. खड्डा कुटं खांदून बघितला?"

हे सत्तारभाईंना लागलं. कागदावर जमीन निर्वेध होती, बोजाविरहित होती, तीस वर्षांचा शोध त्यांनी स्वतः घेतला होता. सात-बाऱ्यात शाडूचा रकाना नाही, हा काही त्यांचा दोष नव्हता.

दुसरे आले भरतशेट. गॉगल कपाळावर चढवून ते म्हणाले, "राव, टेन्शन कशाला घेता? सिमेंटची स्लरी वता. जमीन आतून ब्लॉक होते. आमी स्विमिंग टँकला तेच केलं." त्यांच्या स्विमिंग टँकमध्ये पाणी राहत नाही हे सगळ्या वाडीला माहीत होतं, पण सल्ला देणाऱ्याचा टँक बघायचा नसतो. तोवर तडा भिंतीतून उतरून अंगणात आला होता आणि अंगण ओलांडून मिनी गोव्याच्या कुंपणाकडे निघाला होता. गवंडी बोलावला. सात गोणी सिमेंट कालवून त्या फटीत ओतलं. सातही गोणी जमिनीने घशाखाली घातल्या. वर साधा डागसुद्धा राहिला नाही. बहिरू बांधावर बसून बघत होता. "वता अजून," तो म्हणाला. "तहानली आसंल."

तिसरा सल्ला बहिरूच्या आईचा, चिमाबाईचा. तो सत्तारभाईंपर्यंत आलाच नाही. परस्पर आबेदाला मिळाला. पाण्यात साती आसरा असतात, त्यांच्या वाटेवर तुम्ही संडास बांधलाय, तर हिरवा खण आणि नारळ द्यावा, असं म्हातारीचं म्हणणं. आबेदाने विचार केला की शेजारणींचा मान ठेवायला धर्म आड येत नाही, आणि पाण्यातल्या झाल्या तरी शेजारणीच. ती चिमाबाईबरोबर जाऊन नारळ सोडून आली. पुढचे आठ दिवस तडा थांबला. सत्तारभाईंनी डायरीत लिहिलं, 'स्लरीचा इष्ट परिणाम दिसून येत आहे.' आबेदाने चिमाबाईला चार अंडी पाठवली.

नवव्या दिवशी कोथरूडचे एक काका सकाळी संडासात गेले आणि बाहेर येईनात.

दाराची चौकट रात्रीतून तिरकी झाली होती आणि दार तिच्यात पाचरीसारखं बसलं होतं. आतून काका ढकलत होते, बाहेरून सत्तारभाई ओढत होते, आणि काकांच्या सौभाग्यवती मधे उभं राहून दोघांनाही 'जोर लावा' म्हणत होत्या. अशा प्रसंगी माणूस आपल्या मूळ भाषेवर येतो म्हणतात. सत्तारभाईंची मूळ भाषा ऑफिसची. ते दाराला तोंड लावून म्हणाले, "आपण कृपया धीर धरावा. कार्यवाही चालू आहे."

"अहो, कार्यवाही कसली करताय? माणूस बोलवा!" आतून आवाज आला. "आणि इथली फरशी हलतेय!"

शेवटी बहिरूने पहारीने झरोक्याची जाळी उचकटली. कोथरूडचे काका आधी डोकं, मग एक हात, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम सगळेच, असे बाहेर आले. आबेदाने त्यांना चहा दिला, हळद लावली, दुपारी दालचा वाढली. ते जेवले. जाताना हात जोडून गेले, आणि पुण्याला पोहोचल्यावर त्यांनी फोनवर अभिप्राय टाकला, 'जेवण उत्तम. निसर्ग उत्तम. मालक सज्जन. जाऊ नये.' सत्तारभाईंनी तो चार वेळा वाचला. एवढं नेमकं लिहिणारा माणूस आपल्या ऑफिसात असता तर, असं त्यांना वाटून गेलं, आणि मग खूप वाईट वाटलं.

त्यानंतर पाहुणे आलेच नाहीत. धरणातलं पाणी मात्र भराभर उतरत होतं. होळीनंतरच्या सोमवारी पहाटेची फजरची नमाज आटोपून सत्तारभाई अंगणात आले, आणि संडास जागेवर नव्हता.

तो पडला नव्हता. पडला असता तर समजण्यासारखं होतं. अंगणाचा उत्तरेकडचा सगळा तुकडा, तारेच्या कुंपणासकट, हद्दीच्या दगडासकट आणि शेवग्यासकट, पंधरा-वीस फूट खाली घसरत जाऊन उघड्या पडलेल्या गाळात बसला होता, आणि त्यावर संडास ताठ उभा होता. डोक्यावरची पाण्याची टाकी फक्त टोपीसारखी कलली होती. दार आता सताड उघडं होतं आणि वाऱ्याने सहज हलत होतं. दुपारपर्यंत बहिरूच्या दोन शेळ्या सावलीला आत जाऊन बसल्या.

आबेदा काठावर उभी राहून शेवग्याकडे बघत होती. त्याला शेंगा लागल्या होत्या.

"सुनो," सत्तारभाई म्हणाले, "भिंत बांधता येईल. दगडी. खालून."

"कशाच्या खालून?" आबेदाने विचारलं. मराठीत.

तीन आठवड्यांनी पाटबंधारे खात्याची नोटीस आली. 'श्री. सत्तर कागदे यांस' अशी सुरुवात होती आणि 'निदर्शनास'मधला रफार भलत्याच जागी पडला होता. आयुष्यात हजारो नोटिसा जावक करणाऱ्या माणसाला पहिली आवक झालेली नोटीस अशी अशुद्ध असावी, हे सत्तारभाईंना नोटिसीपेक्षा जास्त झोंबलं. मजकूर असा, की आपण जलाशयाच्या क्षेत्रात विनापरवाना पक्के शौचालय बांधून अतिक्रमण केले आहे व त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या प्रदूषणाचा धोका संभवतो. सात दिवसांत काढून न घेतल्यास कारवाई करण्यात येईल.

सत्तारभाईंनी शाईचं पेन काढलं. समास सोडला. विषय, संदर्भ घातला आणि लिहिलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर शौचालय मी जलाशयात बांधलेले नसून ते मूळ जागेवरून स्वतःहून आलेले आहे. सबब, अतिक्रमण मी केले नसून शौचालयाने केले आहे.' शेवटचं वाक्य त्यांनी गांभीर्याने लिहिलं होतं. ऑफिसात ते वाचून कोणी हसलं असेल ही शंकासुद्धा त्यांना आली नाही.

पंचनाम्याला आल्या त्या तेजस्विनी मॅडम. कनिष्ठ अभियंता, वय असेल सत्ताविसेक, ओतूरकडच्या, पायात बूट आणि हातात टेप. त्यांनी काठ मोजला, खाली उतरून संडास मोजला, शेळ्यांना हाकललं, तासलेला मिनी गोवा बघितला, आणि ओट्यावर बसून पाणी प्यायल्या.

"काका, नियम असाय," त्या म्हणाल्या, "की धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, त्या पातळीच्या खाली जे काय असेल ते जलाशय. तुमचा तुकडा आता त्या पातळीखाली गेला."

"पण जमीन माझी आहे. सात-बारा माझ्या नावावर आहे."

"वर होती तोवर तुमची."

"सरकली ती सरकारची," बांधावरून बहिरू म्हणाला. "म्हनून तर सरकार म्हनत्यात."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. सत्तारभाईंना त्या मुलीचा राग येईना. त्यांनी विचारलं, "हे झालं कशामुळे? पाणी तर कमी होत होतं. पूर असता तर मी समजलो असतो."

"पाणी चढतं तेव्हा काठ पडत नाही काका. उतरतं तेव्हा पडतो." त्यांनी ओल्या मातीचा गोळा हातात घेऊन दाखवला. "पावसाळाभर पाणी काठात मुरतं. बाहेर धरणाचं पाणी असतं, ते काठाला टेकू देतं. आवर्तन सुटलं की बाहेरचं झटकन खाली जातं. शाडूतलं आतलं मात्र निघत नाही. टेकू गेला, आत वजन तसंच. मग घसरतं. त्यात शेजाऱ्यांनी पायथा तासलाय. आणि..." त्या थांबल्या. "तुमचा शोषखड्डा कुठे होता?"

"संडासामागे."

"म्हणजे काठावरच. आणि बागेला पाणी रोज घालता?"

"दोन वेळा," आतून आबेदा म्हणाली. ती दारात येऊन उभी होती. "का?"

मॅडमनी टेप गुंडाळायला घेतली. "ते पण खालीच मुरतं ना काकू," त्या म्हणाल्या. "थोडंसं. फार नाही."

निघताना त्या फाटकापाशी सत्तारभाईंना हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी पंचनाम्यात लिहू शकत नाही, पण पावसाळ्यानंतर परत पाणी उतरेल तेव्हा इथे राहू नका."

त्या संध्याकाळी बागेला पाणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आबेदाने नळाला लावलेली रबरी नळी गुंडाळून खाटेखाली ढकलली. एप्रिलचं ऊन. आठवड्यात मोगऱ्याची पानं वळायला लागली. कोथिंबीर गेली, मग कढीपत्ता. सत्तारभाईंना हे बघवेना. एका दुपारी ती झोपलीय असं बघून त्यांनी वजूचं, नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी तांब्यात धरून मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतलं. वर बघतात तर आबेदा खिडकीत.

"घर पाडायचंय का?" ती म्हणाली.

"एक तांब्या आहे."

"माझं पण थोडंसंच होतं. त्या पोरीने सांगितलं नाही का? थोडंसं. फार नाही." आणि तिने खिडकी लावून घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात आबेदा रडलेली त्यांनी दोनदा पाहिली होती. ही तिसरी वेळ त्यांनी नुसती ऐकली.

मग सत्तारभाईंनी कागदांची मोहीम उघडली. माणसाला दुःखात जे येतं तेच तो करतो. नैसर्गिक आपत्तीच्या नुकसानभरपाईसाठी ते एका खिडकीवर गेले. तिथल्या माणसाने यादी काढली. पूर होता, गारपीट होती, वीज होती. "दरड आहे," तो म्हणाला, "पण दरडीला डोंगर लागतो. तुमच्याकडे डोंगर आहे का?" सत्तारभाई नाही म्हणाले. "मग अवघड आहे," तो म्हणाला, डोंगर आणायची त्यांची ऐपत नसल्याचं खरोखरच वाईट वाटल्यासारखा.

मोजणीला अर्ज केला. मोजणीदार मे महिन्यात आला. त्याला हद्दीचा दगड लागत होता, आणि दगड गाळात सापडला, उभाच्या उभा, रंगसुद्धा न गेलेला. त्याने त्या दगडापासून दक्षिणेच्या बांधापर्यंत माप घेतलं, पुन्हा घेतलं, आकडेमोड केली आणि चकित होऊन म्हणाला, "काका, तुमची जागा कमी झालेलीच नाही. उलट थोडी जास्त भरतीय. फक्त खाली गेलीय."

"म्हणजे नुकसान नाही?"

"क्षेत्रफळात नाही."

हा कागद त्यांनी जपून फायलीला लावला. जगात सर्वत्र आपलं नुकसान सिद्ध करणारे कागद माणसं शोधत असतात. सत्तारभाईंकडे वाढ झाल्याचा शासकीय पुरावा होता.

पावसाळा आला, धरण भरलं, संडास बुडाला. टाकीचा काळा घुमट तेवढा वर राहिला आणि त्यावर पाणकावळे बसायला लागले. मिनी गोव्याची वाळू एका आठवड्यात वाहून गेली. भरतशेटचे प्लास्टिकचे माड पलीकडच्या काठाला लागले आणि ते स्वतः लोणावळ्याकडे जागा बघू लागले. चार महिने सगळं शांत होतं. आबेदा म्हणाली, "राहिलं ना घर? मी जाणार नाही. येताना माझं ऐकलं नाहीत, जाताना मी ऐकणार नाही." सत्तारभाईंना हा हिशेब चुकीचा म्हणता येईना.

पुढचं आवर्तन डिसेंबरात सुटलं. सहाव्या दिवशी, आबेदा कोंबड्यांना दाणे टाकत असताना, ओटा तिच्या मागून गेला. मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी सुस्कारा टाकावा तसं झालं, आणि ती वळली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारानंतर एकदम आभाळ होतं. कोंबड्या ओरडत होत्या. त्यातल्या तीन नव्हत्या.

तिने सुपातले उरलेले दाणे बाकीच्या कोंबड्यांना टाकले. मग दुसऱ्या दाराने आत येऊन म्हणाली, "भांडी आधी काढू." उर्दूत. सत्तारभाई तेव्हा घाबरले, कारण ती चिडलेली नव्हती.

दारं, खिडक्या, पत्रे बहिरूने आणि गावातल्या चौघांनी उतरवले. नारायणगावात बाजाराच्या मागे दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली मिळाली. पहाटेपासून टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न. मोगरा बालदीत घालून आणला होता, तो लागला नाही.

अतिक्रमणाचं प्रकरण मात्र जिवंत होतं, कारण आता जलाशयात संडासाबरोबर ओटा आणि पाठोपाठ घसरलेलं निम्मं स्वयंपाकघरही आलं होतं. तेजस्विनी मॅडमनी सुचवलं की उरलेल्या जागेसकट सगळा हक्क सोडल्याचं लिहून दिलंत तर फाईल बंद करता येईल. नमुना ठरलेला होता. सत्तारभाई खिडकीशी बसून तो स्वच्छ अक्षरात उतरवायला लागले. 'मी, खाली सही करणार, कोणत्याही दबावाशिवाय व स्वखुशीने' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. हा शब्द त्यांनी नोकरीत किती वेळा डोळ्यांखालून घातला असेल. त्याला अर्थ असतो हे प्रथमच ध्यानात येत होतं.

"काय झालं?" आबेदा लसूण सोलत होती.

"स्वखुशीने लिहायचंय."

तिने दोन पाकळ्या सोलल्या. "लिहा," ती म्हणाली. "त्यांना तेवढी खुशी लागत असेल तर घेऊ दे."

ऑफिसात क्लार्कने अर्ज वाचला, प्रकाशात धरला, पुन्हा वाचला. "काका, असं अक्षर, असा मसुदा हल्ली बघायला मिळत नाही हो," तो मनापासून म्हणाला आणि आत जाऊन दोन झेरॉक्स काढून आणल्या. "नमुना म्हणून ठेवतो. त्या काठाचे अजून बरेच येणार आहेत." सत्तारभाईंनी पोहोच घेतली. निवृत्तीनंतर कामाचं कौतुक झालेलं हे पहिलंच, आणि डायरीत त्यांनी ते लिहिलं नाही.

मार्चमध्ये बहिरू खोलीवर आला. टोपी हातात, चपला जिन्यातच काढलेल्या. आबेदाने पाणी दिलं, चिमाबाईची चौकशी केली. त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "हिरीच्या कठड्याला फट पडलीया. कांद्यातून गेलीया पार बांधापोत्तर. मॅडम येऊन बघून गेल्या. त्या म्हनल्या, सत्तारभाऊंनी लिवलंय तसं लिवून आना." त्याने खिशातून घडी केलेला सात-बारा काढला. "आजा-पंज्याची हाय भाऊ. तुमच्यावानी इकत घेतलेली न्हाई."

सत्तारभाईंना ह्याचा राग आला नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला. नाव लिहिलं, गट नंबर लिहिला. बहिरू कागदाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होता.

"चतुःसीमा सांग. पूर्वेस?"

"पूर्वंला गोजरबाईचं शेत."

"दक्षिणेस?"

"रस्ता. पश्चिमेला भागूचा मळा."

"उत्तरेस?"

बहिरूने त्यांच्याकडे पाहिलं. "उत्तरंला काय भाऊ, तुमीच की."

सत्तारभाईंनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जलाशय.'

"लिवलं का?" बहिरूने विचारलं.

"लिहिलं," ते म्हणाले.